ग्रॅड मोडवाले सर

हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर आज मला दुसरं काही सुचायचं नाही. समोर ताट वाढलेलं आहे, पण ते थांबेल.

झालं असं की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका ज्युनियर पोरीनं विचारलं, "ताई, साइटसाठी प्रोग्रॅमेबल कॅल्सी घ्यायचाय. लई महाग नको, अगदी साधा पण नको. कुठला घेऊ?" झालं, धडाधड मॉडेल नंबर पडायला लागले. एकजण म्हणाला हा घे, दुसरा म्हणाला तो बंद झाला, तिसऱ्यानं लिहिलं, "फोनमध्ये ॲप टाक की." मी पण मोठं उत्तर टाइप केलं आणि पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. कारण कुठूनही सुरुवात केली तरी तिसऱ्या ओळीत सर येऊन बसायचे. म्हणून आता आधी सर, मग कॅल्क्युलेटर.

सर म्हणजे माझे पहिले बॉस. सात रस्ता चौकाजवळ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं सर्व्हेचं ऑफिस होतं. रस्ते आखून द्यायचे, नाल्याचे उतार काढायचे, प्लॉटच्या हद्दी मोजायच्या, असली कामं. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात पेन नाही, शेंगाच्या चटणीची छोटी स्टीलची डबी. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी नातेपुत्याची म्हणून मी "नातेपुते". माझ्याबरोबर लागलेला बसू अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा, म्हणून तो "मैंदर्गी". पहिल्या आठवड्यात कुणीतरी फोन करून "सर आहेत का" विचारलं, तर मागून सरांचा आवाज, "मैंदर्गीला सांग नातेपुत्याच्या टेबलावरचा नकाशा घेऊन ये." फोनवरच्या माणसाला वाटलं आमचा जिल्हाभर पसारा आहे.

ऑफिसचा नियम एकच. कॅल्क्युलेटरवर सगळे आकडे टाकायचे, बोट बरोबरच्या चिन्हावर न्यायचं आणि थांबायचं. मग सर पेपरातून मान न काढता म्हणणार, "बोला." म्हणजे आधी तोंडानं अंदाज सांगायचा, मगच बटण दाबायचं. न सांगता दाबलं तर सर उठून येऊन सगळं पुसून टाकत.

"अंदाज आधी, बटण नंतर," म्हणायचे. "उलटं केलं की माणूस यंत्राच्या उत्तरालाच स्वतःचं मत म्हणायला लागतो."

हे फक्त आमच्यापुरतं असतं तर ठीक होतं. पण खालच्या दवाखान्यातले पेशंट कधीकधी जिना चुकून वर यायचे. एकदा एक काका स्वेटर घालून, भर उन्हाळ्यात, थरथरत दारात उभे. डॉक्टर कुठं म्हणाले. सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ताप किती वाटतो? बोला."

"असंल की एकशे एक," काका गांगरून म्हणाले.

"बरं. खाली जा, मोजून घ्या, आणि मला वर येऊन सांगा."

आणि तो बिचारा माणूस गोळ्या घेऊन खरंच परत जिना चढून आला आणि म्हणाला, "शंभर पॉइंट आठ निघाला, सर." सरांनी त्याच्याशी हात मिळवला. जाताना काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की अर्धा ताप तिथंच उतरला असेल.

बसूच्या बहिणीच्या लग्नात तर कहरच केला. मैंदर्गी गावात, मांडवात सगळे अक्षता हातात घेऊन उभे, आणि सर मांडवाची लांबी पावलांनी मोजतायत. मग पंगतींकडं बघून त्यांनी आचाऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "भात कमी पडणार." शेवटच्या पंगतीला भात कमी पडला. बसूची आजी लांबूनच सरांकडं बघत कानडीत विचारायला लागली, "यारु इवरु?" म्हणजे हे कोण आहेत. बसूनं सांगितलं माझे साहेब. आजीचं मत पडलं की ह्यांची नजर लागली. तेव्हापासून बसूच्या घरी जेवायला कुणी आलं की आजी आधी भात झाकून ठेवते.

सरांच्या घरी काकू होत्या, त्या सगळ्याला सरावलेल्या. एकदा मी विचारलं, काकू, तुम्हाला पण विचारायचे का हे अंदाज? तर हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, बघायला आले तेव्हा मला पहिला प्रश्न हाच. ह्या खोलीची लांबी किती असेल? मी म्हटलं, तुमी मावाल एवढी आहे, बसा. झालं, लगेच होकार."

आता सरांची दुसरी बाजू ऐका, म्हणजे नालायकपणा.

कॅल्क्युलेटरला कोन तीन प्रकारे समजतो. एक डिग्री, म्हणजे आपले शाळेतले अंश. दुसरा रेडियन. आणि तिसरा ग्रॅड म्हणून असतो, ज्यात काटकोनाचे नव्वदच्या जागी शंभर भाग करतात. आमच्या ऑफिसात हा तिसरा कुणीही कधीही वापरत नव्हतं. तरी तो प्रत्येक कॅल्क्युलेटरमध्ये असतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. सर सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे आणि टेबलाटेबलावर फिरून आमचे कॅल्क्युलेटर गुपचूप ग्रॅडवर करून ठेवायचे. रेडियनवर केलं असतं तर उत्तर इतकं भलतं येतं की लगेच कळतं. ग्रॅडचं तसं नाही. उत्तर येतं थोडंसंच चूक. बघायला अगदी सज्जन. आम्ही दुपारपर्यंत अख्खं कोष्टक करायचो, आणि सर चहा पिताना म्हणायचे, "नातेपुते, तुझा रस्ता छान दिसतोय. फक्त दुसऱ्याच्या शेतातून चाललाय."

"सर, तुम्ही परत केलं का?"

"मी काय केलं? यंत्र आज्ञाधारक असतं गं. म्हणून तर घातक."

मग आम्ही शहाणे झालो. सकाळी आल्या आल्या साइन तीस दाबून बघायचं, अर्धा आला तर मोड बरोबर. बसू त्याला कॅल्क्युलेटरचा नमस्कार म्हणायचा. नमस्कार झाला की मगच काम.

तर आता मुद्दा. मला साइट पाहिजे होती. सरांनी मला लागल्यापासून टेबलावर बसवलेलं. बसू उन्हात जायचा, खुंट्या ठोकायचा, लोकांशी भांडायचा, आणि मी त्यानं आणलेले आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. घरी आई खूश. "पंख्याखालची नोकरी हाय, आणखी काय पायजे?" मला मात्र रोज बसूचे मळलेले बूट बघून जळजळायचं. ज्या रस्त्याचं वळण मी काढलं ते जमिनीवर कसं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मोहोळच्या पुढं एका कारखान्याच्या रस्त्याचं काम आलं, चांगलं मोठं, जो घेईल त्याला सलग तिथंच राहायला मिळणार. मी हिय्या करून सरांना म्हटलं, मोहोळ मला द्या.

सर म्हणाले, "मैंदर्गीनं पण मागितलंय. तुझ्याकडं स्वतःचा कॅल्क्युलेटर आहे का? ऑफिसचा नाही, स्वतःचा."

"नाही, सर. फोन आहे की."

"मेमधे मोहोळच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. आणि चालू राहिला तर मधेच तुझ्या आईचा कॉल येतो. आधी कॅल्क्युलेटर घ्या दोघं. मग जागेवर परीक्षा. ज्याची खुंटी बरोबर, त्याचं मोहोळ."

मी म्हटलं, सर, टोटल स्टेशन (ते तिपाईवरचं मोजणीचं यंत्र) स्वतःच सगळं काढून देतं की हल्ली. सर म्हणाले, "देतं. पण ते बरोबर बोलतंय का, हे कुणी सांगायचं? त्याच्या शेजाऱ्यानं?"

बसू पुण्याला जाऊन रंगीत स्क्रीनवाला, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर घेऊन आला. इतका भारी की त्याला चार्जर होता. मला ते परवडणारं नव्हतं आणि खरं सांगते, मला तो आवडलाही नव्हता, उन्हात त्याचा स्क्रीन दिसायचाच नाही. मी नवी पेठेत नरसय्याकाकांच्या दुकानात जायचं ठरवलं आणि चूक केली ती ही की सरांना बरोबर नेलं.

सरांना लांबून बघताच नरसय्याकाकांनी शटर अर्धं खाली ओढलं. "जेवायला चाललोय, सर."

"जेवा की निवांत. आम्ही हितंच पायरीवर बसतो, तुमचं होईपर्यंत."

काकांनी शटर परत वर केलं. "सर, हात जोडतो. मागच्या टायमाला तुमी चटणीच्या हातानं बटनं दाबून बघितली, त्यो पीस अजून न्हाय गेला."

"तुम्हीच खाताखाता वापरा मग. साइटवर माणूस भाकरी खातच हिशेब करतो, नरसय्या. बटणात चटणी गेली आणि बटण रुतलं, तर तो कॅल्क्युलेटर बँकेत चालेल, आम्हाला नाही."

काकांनी तीन कॅल्क्युलेटर काढून ठेवले. सरांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि एकेकावर बोटं फिरवली. पहिला बाद झाला, कारण बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नव्हतं. उरलेले दोन घेऊन सर बाहेर गेले आणि उन्हात उभ्या असलेल्या एका मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून आले. स्क्रीन किती वेळात काळा पडतो ते बघायला.

"सर, ती गाडी माझी न्हाय," काका म्हणाले.

"माझी पण नाही," सर म्हणाले.

तेवढ्यात गाडीवाला आला. हँडलला दुधाच्या किटल्या होत्या, गडी घाईत होता. त्यानं किक मारली. एक कॅल्क्युलेटर खाली पडला, दुसरा सीटच्या फटीत अडकून गाडीबरोबर निघाला. मी ओरडत पळणार, तर सरांनी माझा हात धरला.

"वेग किती असेल? बोल."

"सर, कॅल्क्युलेटर चाललाय."

"चाललाय म्हणूनच विचारतोय. चौकापर्यंत किती वेळ लागेल?"

नरसय्याकाका डोक्याला हात लावून स्टुलावर बसले. सुदैवानं चौकात गर्दी होती. गाडीवाल्याच्या मांडीला काहीतरी टोचलं असणार, तो वळून परत आला. "ओ, ह्ये कुनाचं हाय? माझ्या गाडीवर कसं आलं?"

सरांनी त्याला ना सॉरी ना काही. म्हणाले, "स्क्रीन काळा झाला का बघा बरं."

गाडीवाल्यानं बघितलं. "न्हाय. आकडं दिसत्यात की."

"नातेपुते, हा घे."

मी मात्र तिथं एकदा सरांचं ऐकलं नाही. म्हटलं, सर, टाकीवरून पडला नाही म्हणून नाही घेणार, आधी आतलं बघते. आणि मी काकांच्या काउंटरवर त्याचं पुस्तक उघडून बसले. त्या ज्युनियर पोरीला जे सांगायचंय ते हेच, म्हणून नीट सांगते. स्वतःचे प्रोग्रॅम लिहून ठेवता येत होते. सेल बदलला तरी ते पुसले जात नव्हते, हे नक्की विचारून घे, कारण काहींमध्ये पुसले जातात. सेल साधे, पानटपरीवर मिळणारे. स्क्रीन बिनरंगी, चार ओळींचा, उन्हात ठळक. आणि प्रोग्रॅमच्या आतूनच मोड ठरवता येत होता. ह्या शेवटच्या वाक्याशी आल्यावर मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, काका, हाच द्या. सर म्हणाले, काय वाचलंस एवढं? मी म्हटलं, सेलचं.

घरी जाऊन मी वळणाचा प्रोग्रॅम लिहिला. सगळ्यात पहिली ओळ, मोड डिग्री कर. म्हणजे बाहेरून कुणी काहीही करून ठेवलं, समजा सकाळी कुणी लवकर येत असेल, तरी प्रोग्रॅम सुरू झाला की तो आधी स्वतःच डिग्रीवर जाणार.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं सरांच्या जीपनं मोहोळला गेलो. मी आणि बसूनं गाडीतच नमस्कार उरकला, दोघांचा अर्धा आला. हायवेवर एका टपरीवर चहाला थांबलो. आम्ही हात धुवायला गेलो आणि कॅल्क्युलेटर जीपमध्येच, सरांच्या शेजारी. आता तुम्ही म्हणाल, एवढं होऊनसुद्धा? हो. चहा समोर दिसत होता.

जागेवर पोचलो. दोन्ही बाजूला डाळिंबाच्या बागा, मधे मोकळं माळरान. दोन सरळ रस्ते एका ठिकाणी मिळतात, तिथं सरांनी लोखंडी कांब रोवलेली. रस्ता साठ अंशांत वळायचा आणि वळणाची त्रिज्या शंभर मीटर. प्रश्न एकच, कांबेपासून किती मीटर मागं वळण सुरू करायचं. तिथं खुंटी ठोकायची.

"टोटल स्टेशनची पेटी गाडीत राहू दे," सर छत्री उघडून म्हणाले. "बोला."

काटकोनात वळला असता तर बरोबर शंभर मागं. हा कमी वळतोय. मी म्हटलं, "पन्नासच्या वर, साठच्या आत." बसू म्हणाला, "पन्नासच्या आसपास." मग दोघांनी दाबलं. माझं आलं सत्तावन्न पॉइंट चौऱ्याहत्तर. बसूचं आलं पन्नास पॉइंट पंच्याण्णव. दोघांनी टेप धरली आणि आपापली खुंटी ठोकली. दोन्हीमधे चांगलं सहा-सात मीटरचं अंतर, एखादी जीप आडवी उभी राहील एवढं.

सर दोन्ही खुंट्यांकडं बघून आले. माझ्यासमोर उभे राहिले.

"नातेपुते, तुझं चुकलं. मैंदर्गीचं बरोबर आहे."

बसूनं टेप गुंडाळायला घेतली, जिंकलेला माणूस गुंडाळतो तशी. माझ्या डोक्यात आईचा पंखा फिरायला लागला. चाळीस वर्षं जमीन मोजलेला माणूस समोर उभा राहून चूक म्हणतोय, वर बसूचा तो भारी रंगीत कॅल्क्युलेटर. मी माझ्या कॅल्क्युलेटरकडं बघितलं, परत दाबलं, तेच आलं. पण आता त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? प्रोग्रॅम मीच लिहिलेला.

मग मी तो खिशात टाकला आणि खाली उकिडवी बसले. खुंटीच्या टोकानं मातीत लिहायला लागले. अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले निम्म्या कोनाचा टॅन. साठचे निम्मे तीस. टॅन तीस म्हणजे तीनच्या वर्गमुळानं एकाला भागायचं, हे दहावीत पाठ केलेलं. वर्गमूळ एक पॉइंट त्र्याहत्तर. म्हणजे माझ्या आकड्याला त्यानं गुणलं तर शंभर यायला पाहिजे.

"पन्नास घ्या, सर. एक पॉइंट त्र्याहत्तर गुणिले पन्नास, साडेशहाऐंशी. एक्कावन्न घेतले तरी अठ्ठ्याऐंशी. शंभर होत नाहीत. सत्तावन्न-अठ्ठावन्न घेतले की होतात."

"मी चूक म्हणतोय."

"मग तुम्ही चूक म्हणताय, सर."

बोलून तर गेले. वाऱ्यानं छत्रीचं कापड फडफडत होतं. बसू वाकून मातीतले आकडे बघायला लागला, आणि मग त्यानं हळूच आपल्या रंगीत यंत्रावर साइन तीस दाबलं. पॉइंट चारशे चोपन्न. त्यानं सरांकडं मान वळवली.

"सर, ह्ये चिटिंग हाय. चहाच्या टायमाला केलं न्हवं?"

"व्हय," सर म्हणाले, एकदम गावाकडच्या सुरात. "रस्ता काय तुला सांगून फसवणार आहे?" आणि त्यांनी स्वतः वाकून बसूची खुंटी उपटली. मग माझ्याकडं वळले. "मोहोळ तुझं. उद्यापासून ये. टोपी आण, छत्री माझी मी देणार नाही."

मी काही बोलेपर्यंत त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण थांब. मी तुझ्यात पण ग्रॅड केलं होतं. दोन्हीत केलं होतं. तुझं उत्तर बरोबर कसं आलं?"

मी कॅल्क्युलेटर काढला, प्रोग्रॅम उघडला आणि पहिली ओळ दाखवली. सरांनी चष्मा वर केला, ओळ वाचली, परत वाचली. बसूपण खांद्यावरून डोकावला. मग तो माझ्या हातात परत देताना म्हणाले, "म्हणजे तू कॅल्क्युलेटर बघून नाही घेतलास. मला बघून घेतलास."

मी म्हटलं, हो सर.

ते जीपकडं जाताना मागून त्यांचे खांदे हलताना दिसत होते. बसू म्हणाला रडत्यात का काय. मी म्हटलं, हसतायत रे.

तर हे माझं उत्तर, ग्रुपवरच्या त्या पोरीला आणि तुम्हा सगळ्यांना. मॉडेल नंबर मी वेगळा पाठवते, पण आधी तुझ्या ऑफिसात सकाळी सगळ्यात लवकर कोण येतं ते बघ. आणि बाकीच्यांनी खरं सांगा, एखाद्याच्या खोड्या डोळ्यासमोर ठेवून तुम्ही कधी काही विकत घेतलंय का? काय घेतलं, आणि त्या माणसाला ते कळलं का?